पोरिन गेलं तरी क्लेबसिएला जगतो कसा? आउटर मेंब्रेनच्या प्रथिनांविषयी

प्रश्न लातूरच्या एका विद्यार्थिनीचा आहे. ती एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असून डेझर्टेशनसाठी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. लघवीच्या कल्चरमधून निघालेला एक क्लेबसिएला न्यूमोनिए हा जिवाणू अर्टापेनेमला रेझिस्टंट आणि मेरोपेनेमला सेन्सिटिव्ह आला (दोन्ही कार्बापेनेम गटातली प्रतिजैविकं). ही औषधं मोडणाऱ्या एन्झाइमच्या, म्हणजे कार्बापेनेमेजच्या, जीनची पीसीआर निगेटिव्ह आली. सरांनी सांगितलं, "पोरिन लॉस असेल." पोरिन म्हणजे जिवाणूच्या बाहेरच्या पटलात (आउटर मेंब्रेन) छिद्र करून ने-आण होऊ देणारं प्रथिन. ती विचारते: खाण्यापिण्याचं दारच बंद झालं तर जिवाणू उपाशी मरायला हवा, मग हा जगतो कसा आणि वर रेझिस्टंट होतो कसा? आणि आतल्या पटलातली प्रथिनं अल्फा हेलिक्सची (स्प्रिंगसारख्या वळशांची), बाहेरच्या पटलातली मात्र बीटा बॅरलची (पट्ट्यांच्या पिंपासारखी), हे असं का? पुस्तकात नुसतं "असतं" एवढंच दिलंय.

दुसरा प्रश्न आधी घेतो. तो नीट समजला की पहिल्याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं. मी इतकी वर्षं मराठवाड्यात निदानाच्या प्रयोगशाळेत काम करतोय, आणि हा विषय शिकवताना मुलांना एकच सांगतो: प्रथिनाचा आकार पाठ करू नका. ते कुठे तयार झालं, त्याला कुठे पोचायचं होतं आणि तिथे त्याच्या हाताशी काय होतं, हे विचारा. आकार आपोआप लक्षात राहतो.

ग्राम निगेटिव्ह जिवाणूला दोन पटलं असतात. आतल्या पटलाचे दोन्ही थर फॉस्फोलिपिडचे. बाहेरच्या पटलाचा आतला थर फॉस्फोलिपिडचा, पण बाहेरचा थर लिपोपॉलिसॅकराइडचा, म्हणजे एलपीएसचा. ई. कोलायच्या लिपिड ए ला मेदाम्लांच्या सहा शेपट्या असतात आणि त्या एकमेकींना दाटीवाटीनं चिकटलेल्या असतात. वरच्या बाजूला फॉस्फेटचे ऋणभार असतात आणि शेजारशेजारच्या रेणूंना मॅग्नेशियम-कॅल्शियमचे आयन बांधून ठेवतात. ईडीटीए हे धातूंचे आयन पकडणारं रसायन घातलं की हे आयन निघून जातात आणि थर सैल पडतो. कोलिस्टिन हे प्रतिजैविकसुद्धा आधी याच आयनांची जागा घेतं. म्हणून कोलिस्टिनची एमआयसी (जिवाणूची वाढ थांबवणारं औषधाचं किमान प्रमाण) काढताना ब्रॉथमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या द्रवात, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ठरलेल्या प्रमाणातच लागतं. आपल्याकडे बोअरचं पाणी किती क्षाराचं असतं ते वेगळं सांगायला नको. डिस्टिल्ड वॉटर संपलं म्हणून ते पाणी मीडियाला वापरू नका, हे मी कळकळीनं सांगतो. रिपोर्ट चुकतो आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

अशा थरातून तेलकट रेणू लवकर शिरत नाहीत आणि पाण्यात विरघळणारे तर मुळीच नाहीत. व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक सुमारे १,४५० डाल्टनचं (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप), त्यामुळे ग्राम निगेटिव्हमध्ये ते आत पोचतच नाही. पण जिवाणूला साखर, अमिनो आम्लं, फॉस्फेट, लोह आत घ्यायचंच असतं आणि नको ते बाहेर टाकायचं असतं. ही सगळी ने-आण आउटर मेंब्रेनमधली प्रथिनं करतात. दोन पटलांच्या मधल्या जागेत, म्हणजे पेरिप्लाझममध्ये, एटीपी नसतो. बाहेरच्या पटलावर ऊर्जेचा स्वतःचा स्रोत नाही. तिथल्या प्रथिनाला एक तर ऊर्जेशिवाय काम करावं लागतं, नाही तर आतल्या पटलाकडून ऊर्जा मागून घ्यावी लागते. पुढचं सगळं या एका अडचणीभोवती फिरतं.

आता बीटा बॅरल का ते बघू. हे प्रथिन तयार होतं आत, रायबोसोमवर. बाहेर जाण्यासाठी ते सेक नावाच्या वाटेनं, उलगडलेल्या अवस्थेत, आतलं पटल ओलांडतं. सेकच्या मार्गिकेला बाजूलाही एक फट असते. वीसेक तेलकट अमिनो आम्लांचा सलग तुकडा आला की तो त्या फटीतून बाजूच्या पटलात सरकतो आणि तिथेच रुततो. आतल्या पटलातली हेलिक्सवाली प्रथिनं नेमकी अशीच बसतात. बाहेरच्या पटलात जायचं असलेल्या प्रथिनात असा तुकडा असता तर ते वाटेतच अडकलं असतं.

बीटा पट्टीत ही अडचण येत नाही. पट्टीतलं एक अमिनो आम्ल बाहेर, पटलाच्या तेलाकडे तोंड करून असतं आणि पुढचं आत, पाण्याकडे. म्हणजे एकाआड एक तेलकट. सलग तेलकट तुकडा कुठेच होत नाही, त्यामुळे सेक त्याला बिनतक्रार जाऊ देतं. पटल ओलांडायला अशी नऊ-दहा अमिनो आम्लांची एक पट्टी पुरते. पण एकटी पट्टी तेलात टिकत नाही, कारण तिच्या कण्यातले हायड्रोजन बंध मोकळे राहतात. म्हणून पट्ट्या शेजारी शेजारी बसतात, प्रत्येक पट्टी शेजारणीशी बंध जुळवते आणि शेवटची पट्टी वळून पहिलीला भिडते. एकही बंध मोकळा राहत नाही. हेच बॅरल. ई. कोलायमध्ये ८ पट्ट्यांपासून (ओएमपीए) २६ पट्ट्यांपर्यंत (एलपीएस पृष्ठभागावर पोचवणारं एलपीटीडी) बॅरल सापडतात. पट्ट्यांची संख्या सम असते, दोन्ही टोकं पेरिप्लाझमकडे असतात, आतल्या बाजूची वळणं आखूड आणि बाहेरच्या बाजूचे लूप लांब. पटलाच्या दोन्ही काठांवर टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅनची ओळ असते. परीक्षेला एवढं पुरतं. अपवादही आहे: साखरेचं कवच बाहेर पाठवणारं डब्ल्यूझेडए हे प्रथिन बाहेरच्या पटलातून हेलिक्सनंच जातं. त्याची रचना २००६ मध्ये समोर आली.

सेकमधून बाहेर पडलेली ही साखळी पेरिप्लाझममध्ये गुठळी होऊ शकते. तसं होऊ नये म्हणून सर्ए आणि स्किप ही सोबती प्रथिनं तिला सांभाळत नेतात आणि बिघडलेली साखळी डेगपी कापून टाकतं. शेवटी ती पोचते बॅम संकुलापाशी. त्याचा मुख्य घटक बॅमए हा स्वतःच १६ पट्ट्यांचा बॅरल आहे. त्याची पहिली आणि शेवटची पट्टी एकमेकींना सैल चिकटलेल्या असतात आणि त्या फटीत नव्या प्रथिनाची पट्टी येऊन बसते, मग पुढची, मग पुढची. एटीपी नाही, बाहेरून ओढणारं काही नाही, तरी घडी बसते. २००३ मध्ये निसेरिया मेनिंजायटिडिसमध्ये या प्रथिनाचं काम उलगडलं. आपल्या मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्यपटलातही त्याचाच भाऊबंद, सॅम५०, हेच काम करतो. मला ही गोष्ट दर वर्षी शिकवताना तितकीच विलक्षण वाटते.

बॅमए बाहेरून गाठता येतं, म्हणून ते औषधासाठी फार मोलाचं लक्ष्य आहे. २०१९ मध्ये डॅरोबॅक्टिन नावाचं सात अमिनो आम्लांचं प्रतिजैविक जाहीर झालं. ते फोटोरॅब्डस या जिवाणूपासून मिळालं, जो कीटक मारणाऱ्या सूत्रकृमींच्या पोटात राहतो. ते बॅमएच्या नेमक्या त्या फटीत जाऊन बसतं. आउटर मेंब्रेन ओलांडण्याची त्याला गरजच नाही. बाकीच्या औषधांचं घोडं जिथे अडतं, तो अडसरच याच्या वाट्याला येत नाही.

या बॅरलची मजबुती तुम्हाला कॉलेजच्या प्रयोगशाळेत डोळ्यांनी बघता येईल. जिवाणू सोनिकेटरनं फोडा, न फुटलेल्या पेशी खाली बसवून टाका, उरलेल्यात सार्कोसिल हे डिटर्जंट घाला. सार्कोसिल आतलं पटल विरघळवतं, बाहेरच्या पटलाची प्रथिनं तशीच राहतात. अल्ट्रासेंट्रिफ्यूज नसेल तर अडून बसू नका. साध्या मायक्रोफ्यूजवर पंधरा हजार जी च्या आसपास अर्धा तास फिरवूनही कामापुरतं मिळतं. आता त्या नमुन्याचे दोन भाग करा. दोन्हींत एसडीएस या प्रथिनं उलगडणाऱ्या डिटर्जंटचा तोच लोडिंग बफर घाला, पण एकच ट्यूब उकळत्या पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवा. दोन्ही जेलच्या शेजारशेजारच्या लेनमध्ये चालवा. उकळलेल्या लेनमध्ये ओएमपीए ३५ किलोडाल्टनच्या जागी दिसेल. न उकळलेल्यात तोच बँड खाली, २८ ते ३० च्या मध्ये उतरलेला असेल. वजन तेच आहे, पण बॅरल एसडीएसमध्येही न उलगडता आटोपशीर राहिल्यामुळे ते जेलमधून वेगानं पळतं. ओएमपीएफ या पोरिनचं उलटं दिसतं: न उकळता तीन-तीनच्या गटात राहून ते खूप वर अडकतं, उकळलं की सुटं होऊन ३७ च्या आसपास येतं. मे महिन्यात लातूरच्या खोलीत चाळीस-बेचाळीस अंश असले तरी न उकळलेल्या ट्यूबमधली घडी तशीच राहते. एसडीएसला दाद न देणारी प्रथिनं फार थोडी आहेत.

आता पोरिन. १९७६ मध्ये ताइजी नाकाए यांनी ही छिद्रं करणारी प्रथिनं वेगळी काढून दाखवली. पुढे हिरोशी निकाइदो यांनी बर्कलीत त्यांच्यातून कोणतं औषध किती वेगानं जातं याचा सखोल अभ्यास केला. ई. कोलायच्या ओएमपीएफची स्फटिक रचना १९९२ मध्ये आली. १६ पट्ट्यांचा बॅरल, असे तीन बॅरल एकत्र. पण बॅरल पूर्ण मोकळा नसतो. तिसरा लूप बाहेर न राहता आत दुमडतो आणि मधोमध वाट अरुंद करतो. तिथे रुंदी उरते जेमतेम ०.७ गुणिले १.१ नॅनोमीटर. त्या अरुंद जागी एका बाजूला ऋणभाराची अमिनो आम्लं आणि समोर तीन आर्जिनिन. वाटेत आडवं विद्युत क्षेत्र तयार होतं. जाणाऱ्या रेणूला नुसतं लहान असून चालत नाही, त्या क्षेत्रात नीट वळावंही लागतं. साधारण ६०० डाल्टनपर्यंतचे रेणू जातात, पण त्यांच्यातही लहान, कडक आणि धनभार असलेले लवकर जातात, ऋणभाराचे आणि पसरट रेणू रखडतात.

पेनिसिलिन जी ला एक अमिनो गट जोडून अँपिसिलिन झालं, ते १९६१ मध्ये बाजारात आलं आणि ग्राम निगेटिव्हवर चालू लागलं. त्यामागे या वाटेचा मोठा वाटा आहे. अर्टापेनेमकडे याच नजरेनं बघा. इमिपेनेम सुमारे ३०० डाल्टनचं, मेरोपेनेम ३८३, अर्टापेनेम ४७५. शिवाय अर्टापेनेमच्या बाजूच्या साखळीत बेंझोएटचा एक जादा ऋणभार. कार्बापेनेममध्ये पोरिनच्या वाटेवर सगळ्यात जास्त रखडणारं औषध तेच. म्हणून पोरिन बिघडलं की पहिला फटका अर्टापेनेमला बसतो. तुमच्या रिपोर्टची ठेवण इथून आली असू शकते.

पण नुसतं पोरिन गेल्यानं सहसा एवढा रेझिस्टन्स येत नाही, आणि या मुद्द्यावर बहुतेक विद्यार्थी गोंधळतात. औषध हळू आलं तरी येतंच. काही मिनिटांत आतबाहेर सारखं होतं. हळू येण्याचा फायदा होतो तो आत औषध मोडणारं एन्झाइम असेल तर. उन्हाळ्यात विहिरीचा झरा बारीक झाला की तीन एचपीची मोटरसुद्धा विहीर कोरडी करते, भर पावसाळ्यात मात्र तीच मोटर रात्रभर चालवली तरी पाणी हटत नाही. सीटीएक्स-एम गटातलं ईएसबीएल किंवा एएमपीसी हे एन्झाइम अर्टापेनेम फार सावकाश मोडतात. पोरिन शाबूत असताना त्यांचा पाड लागत नाही. पोरिन गेलं आणि येणारं औषध थेंबाथेंबावर आलं की तेच दुबळं एन्झाइम पुरेसं ठरतं. म्हणून "पोरिन लॉस" हे अर्धंच वाक्य आहे. पूर्ण वाक्य असं: ईएसबीएल किंवा एएमपीसी आहे, आणि त्यावर पोरिन कमी झालंय. तुमच्या आयसोलेटचं (रुग्णाच्या नमुन्यातून वेगळ्या केलेल्या जिवाणूचं) सेफोटॅक्झिम आणि सेफ्टाझिडिम काय आलंय ते आधी बघा, कारण ही एन्झाइम आधी या औषधांवरच दिसतात.

उपाशी का मरत नाही? क्लेबसिएलाची दोन मोठी पोरिन म्हणजे ओएमपीके३५ आणि ओएमपीके३६. पहिलं रुंद, दुसरं थोडं अरुंद. तसंही जिवाणू परिस्थितीप्रमाणे यांचं प्रमाण बदलत असतो. आतड्यात क्षार जास्त असतात आणि पित्तही असतं, तिथे रुंद पोरिन कमी आणि अरुंद जास्त. पातळ पाण्यात उलट. एन्व्हझी आणि ओएमपीआर ही नियंत्रक प्रथिनांची जोडी हे काम सांभाळते. रुंद पोरिन गमावणं त्याला फारसं जड जात नाही. अरुंदही गेलं तर वाढ मंदावते, पण इतर वाटा असतात: माल्टोजसाठी लॅमबी, फॉस्फेटची टंचाई झाली की फोई, आणि लोहासाठी वेगळीच व्यवस्था. ग्लुकोज १८० डाल्टनचं, बहुतेक अमिनो आम्लं त्याहून हलकी. त्यांना चिंचोळी वाटही चालते.

काही घातक क्लेबसिएला वंशांनी याहून पक्की सोय करून घेतली आहे. ते ओएमपीके३६ सोडतच नाहीत. फक्त आत दुमडलेल्या त्या तिसऱ्या लूपमध्ये दोन अमिनो आम्लं, ग्लायसिन आणि अ‍ॅस्पार्टेट, जादा घालतात. वाट सुमारे पाव भागानं अरुंद होते. अन्न येत राहतं, औषध रखडतं.

अतिदक्षता विभागातल्या स्यूडोमोनासची गोष्ट थोडी वेगळी. त्याच्याकडे ओएमपीएफसारखं सरसकट पोरिन नाही, म्हणून तो जन्मतःच कित्येक औषधांना दाद देत नाही. इमिपेनेम त्याच्यात शिरतं ओपीआरडी मधून, जे खरं तर आर्जिनिन-लायसिनसाठी आहे. ओपीआरडी बंद झालं की इमिपेनेम रेझिस्टंट, मेरोपेनेम मात्र बरेचदा अजून चालतं. रिपोर्टवर अशी जोडी दिसली तर पहिला संशय त्यावरच घ्या. बाहेर टाकण्याच्या वाटेचंही बाह्यपटलातलं टोक असंच प्रथिन असतं. ई. कोलायचं टॉलसी तीन रेणूंचं, प्रत्येकाच्या चार पट्ट्या मिळून एकच १२ पट्ट्यांचा बॅरल, आणि त्याखाली पेरिप्लाझममध्ये उतरणारी हेलिक्सची लांब नळी.

लोहाची व्यवस्था थोडी सांगतो, कारण तिथे ऊर्जेचा तो जुना प्रश्न सुटतो. शरीर लोह मोकळं ठेवत नाही. जिवाणू एंटेरोबॅक्टिनसारखे सिडेरोफोर बाहेर सोडतो, ते लोह पकडतात आणि परत येतात. ७०० डाल्टनच्या वरचा हा रेणू पोरिनमधून मावत नाही. त्यासाठी फेपए, एफएचयूए असे २२ पट्ट्यांचे रुंद बॅरल असतात आणि त्यांच्या पोटात प्रथिनाचाच एक तुकडा बसलेला असतो, जो वाट बंद ठेवतो. सिडेरोफोर बाहेरून चिकटला की आतल्या पटलातलं टॉनबी पेरिप्लाझम ओलांडून येतं, त्या तुकड्याला ओढतं आणि वाट मोकळी होते. ऊर्जा येते आतल्या पटलावरच्या प्रोटॉनच्या दाबातून. हीच वाट धरून सेफिडेरोकोल हे औषध आत शिरतं: सेफॅलोस्पोरिनला सिडेरोफोरसारखा गट जोडलेला, अमेरिकेत मान्यता २०१९. पोरिन बंद केलेल्या जिवाणूवरही ते चालू शकतं, कारण ते पोरिनवर अवलंबून नाही.

ही प्रथिनं फक्त दवाखान्याची नाहीत. कोबीवर काळी कूज आणणाऱ्या झँथोमोनास कॅम्पेस्ट्रिसमध्ये टॉनबीवर चालणारी ७२ ग्राहक प्रथिनं मोजली गेली आहेत, त्यांतलं एक झाडाची साखर, म्हणजे सुक्रोज, आत घेतं. आपल्या जालन्याच्या मोसंबीवर खैऱ्या आणणारा जिवाणू याच कुळातला. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या कुणाला विषय हवा असेल तर इथे भरपूर काम पडलंय. आणि तालुक्याच्या अनेक लॅबमध्ये होणारी टायफॉइडची टायफिडॉट तपासणी साल्मोनेला टायफीच्या ५० किलोडाल्टनच्या बाह्यपटल प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी शोधते. पृष्ठभागावरचं प्रथिन शरीराला आधी दिसतं म्हणून हे शक्य होतं. ती तपासणी ब्लड कल्चरची जागा घेत नाही, हेही लगेच सांगतो.

आता तुमच्या आयसोलेटकडे. पीसीआर निगेटिव्ह म्हणजे तुमच्या किटमधले जीन नाहीत, एवढंच. आपल्याकडे ओएक्सए-४८ च्या गटातली एन्झाइम भरपूर आहेत आणि ती मेरोपेनेम हळू मोडतात, त्यामुळे अगदी असाच रिपोर्ट देऊ शकतात. मेरोपेनेम "सेन्सिटिव्ह" लिहिलेलं असलं तरी खरी एमआयसी काढा. ती लिटरला ०.१२५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर कार्बापेनेमेजची शंका सोडू नका. एमसीआयएम करा: मेरोपेनेमची १० मायक्रोग्रॅमची डिस्क जिवाणूच्या ब्रॉथमध्ये चार तास ठेवून ई. कोलाय एटीसीसी २५९२२ या प्रमाणित जिवाणूच्या प्लेटवर लावायची. झोन (डिस्कभोवतीचं वाढ नसलेलं वर्तुळ) १५ मिमीपर्यंत आला तर एन्झाइमनं औषध मोडलंय, १९ किंवा जास्त आला तर नाही. खर्च जवळपास शून्य. हे निगेटिव्ह आल्यावरच पोरिनकडे वळा. तोवर रुग्णाच्या रिपोर्टवर "पोरिन लॉस" लिहू नका. डॉक्टरांना एमआयसीचा आकडा द्या, आणि उपचार चालू असताना ताप उतरला नाही तर पुन्हा कल्चर मागा, कारण अशा आयसोलेटमध्ये उपचारादरम्यानच मेरोपेनेमचा रेझिस्टन्स वाढू शकतो.

जेल करताना आयसोलेट दोन मीडियांत वाढवा, म्युलर हिंटन ब्रॉथ आणि न्यूट्रिएंट ब्रॉथ. ओएमपीके३५ क्षार कमी असलेल्या न्यूट्रिएंट ब्रॉथमध्येच ठळक दिसतं. नुसत्या म्युलर हिंटनवर जेल चालवून "३५ गायब" असं अनेकांनी लिहिलंय, जीन मात्र धडधाकट होता. शेजारच्या लेनमध्ये पोरिन शाबूत असलेला प्रमाणित क्लेबसिएला, एटीसीसी १३८८३, ठेवा. ३६ चा आणि ओएमपीएचा बँड जवळजवळ पडतात, म्हणून जेलमध्ये युरिया घालून बघा आणि उकळलेला-न उकळलेला अशा जोड्या लावा. ओएमपीए त्यात जागा बदलून ओळख देतं.

बँड जागेवर दिसला तरी काम संपत नाही. तिसऱ्या लूपमधली ती दोन जादा अमिनो आम्लं जेलवर दिसत नाहीत, बँड तिथेच असतो. दोन्ही पोरिनचे जीन पूर्ण लांबीचे सीक्वेन्स करून घ्या आणि ३६ च्या क्रमात तिसऱ्या लूपची जागा पहिली तपासा.